आमचे नाणेशोधन

वार्षिक अंकासाठी लेख देण्याची आज्ञा संपादकांनी यंदा आम्हांस केली, आणि ती करताना "काही प्रवासवर्णनपर द्यावे, मुलांना आवडेल" अशी पुस्तीही जोडली. निवृत्त शिक्षक परदेशी चिरंजीवांकडे चार महिने राहून आला की त्याजकडून टेम्स नदी, बर्फ आणि वक्तशीरपणा या तीन विषयांवर लेख यावयाचा, असे त्यांनी गृहीत धरले असावे. टेम्स नदी आम्ही दोनदाच पाहिली. बर्फ पडण्यापूर्वी परत आलो. आणि वक्तशीरपणाचे म्हणाल तर आम्ही राहत होतो त्या खेड्यात येणारी मोटार आपल्या एस. टी.हून फार निराळी वागत नसे. तेव्हा या तिन्ही विषयांना रजा देऊन आम्ही तेथे खरोखर जे केले तेच लिहितो. आम्ही कापणी झालेल्या शेतांतून खाली मान घालून चाललो.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात जाऊन पोहोचलो. चिरंजीव इप्सविच शहरी नोकरीस जात, सूनबाईही जात, आणि सायंकाळपर्यंत त्या लहानशा घरात आम्ही व घड्याळ असे दोघेच उरत असू. पस्तीस वर्षे ज्याने घंटेच्या तालावर दिवस काढले त्याला घंटा नसलेला दिवस किती मोठा वाटतो, हे शिक्षकांच्या घरच्या मंडळींना सांगावयास नको. शेजारी एक म्हातारबुवा राहत. बीटपासून साखर काढण्याच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. आमचा जिल्हाही साखर कारखान्यांचा, एवढ्या धाग्यावर ओळख झाली. आम्ही हायस्कुलात इतिहास शिकवीत होतो हे कळल्यापासून ते आम्हांस 'प्रोफेसर' म्हणू लागले. आम्ही दोन वेळा दुरुस्ती सुचविली. पुढे सोडून दिली.

एके दिवशी ते दारात उभे. हातात एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाशी जेवणाच्या ताटाएवढी काळी थाळी, कानांवर कर्णयंत्र, कमरेला खुरप्याच्या जातीचे एक हत्यार. म्हणाले, "येता का, प्रोफेसर? गव्हाचे शेत मोकळे झाले आहे." हे धातुशोधक यंत्र आम्ही तोवर रेल्वे स्टेशनाच्या दाराशी आणि विमानतळावरच पाहिले होते. त्याचा उपयोग कोणी शेतात जुनी नाणी धुंडाळण्यासाठी करीत असेल अशी आमची कल्पना नव्हती. आमच्याकडे सोनारआळीतला केर गोळा करून तो पाण्यात धुणारे झारेकरी असत. कणभर सोन्यासाठी घमेलेभर माती घोळविणारी त्यांची ती बैठक आम्हांस आठवली, आणि आम्ही पायांत बूट चढविले.

यंत्राची मूळ गोष्ट विद्यार्थ्यांस रुचेल म्हणून सांगतो. सन १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांजवर एका माथेफिरूने गोळी झाडली. ती शरीरात कोठे रुतली आहे हे डॉक्टरांस सापडेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी घाईघाईने असे एक यंत्र सिद्ध केले. गोळी त्यालाही सापडली नाही. रुग्णाच्या बिछान्यातील पोलादी स्प्रिंगा आड आल्या असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसाट्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्याचे यंत्र बनविले, आणि १९४२ साली एल् अलामीनच्या वाळवंटात ते सैन्याच्या कामी आले. थाळीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. हे क्षेत्र जमिनीतील धातूला जाऊन भिडले की त्या धातूतही भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांची चाहूल थाळीतील दुसऱ्या वेटोळ्याला लागते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात सूर उमटतो. यंत्राला कळते ते इतकेच. तो सूर नाण्याचा की खिळ्याचा, हे ठरविणे माणसाकडे राहते.

येथेच आमची पहिली फजिती झाली. यंत्र हाती येताच आम्ही कोयत्याने गवत कापावे तशी थाळी डावीउजवीकडे झपाझप फिरवीत शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचलो आणि मोठ्या अभिमानाने मागे वळून पाहिले. म्हातारबुवा जेथून निघाले होते तेथून वीस पावलांवर होते. ते जवळ आल्यावर शांतपणे म्हणाले, "शेत ओलांडायचे होते होय? मला वाटले, शोधायचे होते." त्यांची रीत निराळी होती. थाळी जमिनीला लागते न लागते अशी सपाट धरावयाची, हळू फिरवावयाची, पुढची फेरी मागच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे, आणि एक पाऊल म्हणजे एकच पाऊल. वीतभर खोल पडलेल्या लहानशा नाण्याचा आवाज म्हणजे दूरच्या खोलीत कोणी नि:श्वास टाकावा तेवढा. घाईत तो कानावरून निघून जातो. लोखंडाचा आवाज घोगरा, चांदीचा उंच आणि गोड. परंतु शीतपेयांच्या डब्यांवरील ॲल्युमिनियमच्या कड्या असा हुबेहूब सोंग आणतात की विचारू नका. त्या परगण्यात आम्ही उकरून काढलेल्या कड्यांची संख्या आमच्या वहीत एकशे चौदा अशी नोंदलेली आहे. त्याखेरीज बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडे, घोड्यांच्या नालांचे खिळे, शिशाचे गोळे, आणि कोणा शेतकऱ्याच्या कोटाची बटणे. पहिल्या अकरा फेऱ्यांत नाणी दोन. त्यांतले एक पाचव्या जॉर्जचे, म्हणजे आमच्या वडिलांनी बाजारात चालविलेल्या रुपयावरच्याच राजाचे. त्याला पुराण वस्तू म्हणावयास आमचे मन घेईना.

या छंदाला तेथे कायद्याची चौकट आहे, आणि ती ऐकून आम्हांस नवल वाटले. शेताच्या मालकाची परवानगी हवीच; संरक्षित पुरातन स्थळी तर यंत्र नेण्याचीच बंदी. १९९६ च्या निधी-कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी सोन्याची वा चांदीची दोन नाणी एकत्र सापडली तरी चौदा दिवसांच्या आत कॉरोनर या सरकारी अधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. एकटेदुकटे नाणे सहसा या कायद्यात येत नाही. परंतु १९९७ पासून तेथे अशा फुटकळ वस्तूंच्या नोंदीची एक योजना चालू आहे. सापडलेली वस्तू परगण्याच्या अधिकाऱ्याकडे न्यावी, त्याने तिचे माप, वजन, छायाचित्र व सापडल्याची नेमकी जागा टिपून घ्यावी, आणि वस्तू परत करावी. पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद अशा रीतीने झालेली आहे. म्हातारबुवांच्या खिशात त्यासाठी एक तेलकट वही असे. शेतात काही मिळाले की आधी वही निघे. आम्हांस वाटे, माणूस कारखान्याच्या काट्यावर असावा, सवय जात नाही.

सफोकमधील हॉक्सन गावची हकीकत त्यांनी आम्हांस तीनदा सांगितली. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधण्यास त्याने यंत्र बाळगणाऱ्या आपल्या मित्रास बोलाविले. मित्राच्या कानात सूर वाजला. उकरून पाहतो तो चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि रोमन नाणी. पुढच्या मोजणीत ती नाणी सुमारे पंधरा हजार भरली. येथवरची गोष्ट कोणत्याही आजीबाईच्या पोतडीत शोभेल. म्हातारबुवांचा आवाज चढे तो त्यापुढच्या भागाला. त्या माणसाने थोडे उकरले आणि तो थांबला. सारे खणून न काढता त्याने वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुराणवस्तुशास्त्रज्ञ आले आणि कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी होती हे पाहत त्यांनी ते धन उचलले. लाकडी पेटी तर केव्हाच कुजून गेलेली. परंतु वस्तूंच्या मांडणीवरून ती पेटी होती, तिच्यात लहान पेट्या होत्या, काय कशाजवळ ठेवले होते, हे कळून आले. शेतकरी व त्याचा मित्र यांना मिळून साडेसतरा लक्ष पौंडांचे बक्षीस मिळाले. हातोडीही सापडली, आणि पुढे ब्रिटिश म्युझियमला देण्यात आली. त्या धनात मिऱ्यांची चार रुपेरी पात्रे आहेत, हे आम्ही पुढे लंडनला गेलो तेव्हा काचेपलीकडे पाहिले. मिरी ती आपल्या मलबारची. सोळाशे वर्षांपूर्वी कोणी धनिकाने मलबारची मिरी चांदीत ठेवावी, संकटकाळी ती पात्रे जमिनीत पुरावी आणि परत येऊ नये! इतिहासाच्या तासाला आम्ही भारत व रोम यांच्या व्यापारावर पस्तीस वर्षे टिपणे दिली. त्या एका मिरपात्रासमोर ती टिपणे आम्हांस फार पोकळ वाटली.

आता बाराव्या फेरीकडे येतो.

ऑक्टोबरचा शेवट होता. शेत नांगरून झाले होते, चिकणमाती बुटांना शेर शेर लागत होती, आणि दुपारी चारलाच उजेड उतरू लागला होता. आम्ही कंटाळलो होतो हे कबूल केले पाहिजे. बांधाजवळ एक आवाज आला. आला म्हणजे काय, आल्याचा भास झाला. एका बाजूने थाळी नेली की येई, परत आणली की नाहीसा होई. मागच्या महिन्यात असता तर आम्ही पुढे गेलो असतो. म्हातारबुवांनी शिकविल्याप्रमाणे आम्ही काटकोनात उभे राहून पुन्हा ऐकले, थांबलो, आणखी एकदा ऐकले. मग ढेकूळ काढून चुरगाळले. त्यात एक करडा तुकडा दिसला. लिंबाच्या फोडीसारखा, दोन सरळ कडा, एक वाटोळी. वजन म्हणाल तर जेमतेम तीन गुंजा.

आम्ही आनंदाच्या भरात त्यावरील चिखल पुसण्यासाठी अंगठा लावला, तोच म्हातारबुवांनी आमचे मनगट धरले. वयाने आमच्याहून दहा वर्षांनी मोठा, मुखदुर्बळ मनुष्य. त्याने आमच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. म्हणाले, "नको, प्रोफेसर. मातीत वाळू आहे, चांदी मऊ आहे. अंगठा फिरेल आणि जे वाचायचे तेच निघून जाईल. आठशे वर्षे थांबले आहे ते. आणखी आठवडाभर थांबेल." आणि त्यांनी तो तुकडा मातीसकट एका डबीत ठेवला व वही काढली.

आठवड्याने परगण्याच्या अधिकारी बाईंनी तो भिजवून, मऊ करून स्वच्छ केला आणि भिंगाखाली धरला. तिसऱ्या हेन्री राजाच्या काळातील चांदीच्या पेनीचा तो चौथा हिस्सा होता. त्या काळी सुटी मोड नसे. पेनीच्या मागील बाजूस क्रूस असे, त्याच्या रेघेवरून कापून अर्धी अथवा पाव पेनी करीत. इंग्रजीतील 'फार्दिंग' हा शब्द 'चौथाई' या अर्थाचाच, आपल्या पावलीचा भाऊ. लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरू लागले, म्हणून १२४७ साली क्रूसाचे हात थेट कडेपर्यंत लांबविण्यात आले. हात आखूड दिसला की नाणे कातरलेले. या लांब हातांमुळे कडेवरील लेखाचे चार भाग पडत आणि प्रत्येक पावलीच्या वाट्याला तीन तीन अक्षरे येत. आमच्या तुकड्यावर एन, एल आणि व्ही अशी तीन अक्षरे होती. त्या लिपीत व्ही हाच यू. म्हणजे 'येथे' या अर्थाच्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि लंडन या नावाची पहिली दोन. त्यांवरून नाणे लंडनच्या टांकसाळीतले ठरले. अंगठ्याच्या एका घासण्याने नाहीशी झाली असती अशी ती तीन अक्षरे.

सर्वांनी आमचे अभिनंदन केले. चिरंजीवांनी छायाचित्र काढले. त्यात आमचा चेहरा पडलेला का दिसतो, हे त्यांस कळले नाही. आणि आम्हीही त्या वेळी सांगितले नाही. मनगट धरले गेले त्या क्षणापासून आमच्या डोळ्यांपुढे निराळेच नाणे होते.

सन १९८४. आपल्याच शाळेतील नववीचा वर्ग. निफाडकडील गोदाकाठच्या गावातला एक मुलगा बोर्डिंगात राहत असे. अबोल, अक्षर सुंदर, गणितात कच्चा. दिवाळीच्या सुटीनंतर तो रुमालात बांधून एक नाणे घेऊन आला. वडिलांच्या नांगराला लागले होते. तांब्याचे, हिरव्या पुटाने झाकलेले, पावलीहून लहान. एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती ओळखू येत होता, आणि हत्तीच्या वर, कडेने, मुंगीच्या पायांसारखी बारीक अक्षरे. त्याने ती बोटाने दाखवून विचारले, "सर, ही कसली अक्षरे?"

आम्हांस ती वाचता येत नव्हती. आज आम्ही जाणतो की, हत्तीची अशी नाणी सातवाहन राजांची असत, त्यांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत राजाचे नाव असे, आणि कोणत्या राजाचे नाणे हे सांगणारा पुरावा पुष्कळदा त्या अक्षरांखेरीज दुसरा नसतो. त्या दिवशी "मला येत नाही" एवढे तीन शब्द पुरले असते. परंतु चाळीस मुले पाहत होती. आम्ही म्हणालो, "आधी स्वच्छ तर होऊ दे." शिपायाकडून चिंच आणि राख मागविली, आणि तासाचा उरलेला वेळ टेबलाशी उभे राहून ते नाणे घासले. चिंचेच्या आंबटपणाने हिरवे पूट विरघळले. तांब्याच्या जुन्या नाण्यावरील बारीक नक्षी कित्येकदा त्या पुटातच धरून राहिलेली असते, ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. ठाऊक करून घेण्याची वाटही आम्ही पाहिली नाही. नाणे नव्या पैशासारखे लखलखले. वर्गाने टाळ्या वाजविल्या. मुलाने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "सर, अक्षरे कुठे गेली?"

आम्ही उत्तर दिले, "अक्षरे नव्हतीच ती. मळ होता."

तो "हो सर" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

ही गोष्ट पस्तीस वर्षांत आम्हांस आठवलीच नव्हती असे लिहिले तर ते दुसरे असत्य होईल. पाच-सहा वेळा आठवली. प्रत्येक वेळी आम्ही तिला पाठ दाखविली.

नोव्हेंबरात आम्ही परत आलो. आल्यावर एक गोष्ट केली. नाशिककडील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नाण्यांची हकीकत नीट वाचून काढली. वर्गात आम्ही ती दोन वाक्यांत उरकीत असू. नहपान क्षत्रपाची तेरा हजार अडीचशेहून अधिक चांदीची नाणी तेथे मिळाली, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. जिंकलेल्या राजाची चांदी वितळविण्याचीही तसदी न घेता तिच्यावर आपला शिक्का मारून ती बाजारात सोडून दिलेली! नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमीपुत्राच्या पराक्रमाचे जे वर्णन आहे त्याला या नाण्यांनी साक्ष दिली. परंतु ही साक्ष निघाली ती रेव्हरंड एच. आर. स्कॉट नावाच्या मिशनरी गृहस्थांनी ती नाणी तपासून, त्यांवरील मुखवटे व अक्षरे बारकाईने टिपून ठेवली म्हणून. त्या ढिगाला कोणी चिंच लावली असती तर? हा विचार आला की आम्ही पुस्तक मिटून ठेवीत असू.

विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या शेतात वा घराच्या पायात असे काही निघाले तर ते धुऊ नये, घासू नये, जागा व तारीख लिहून ठेवावी आणि जाणत्यास दाखवावे. आपल्याकडे १८७८ चा निधीविषयक कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास कलेक्टरास कळवावे लागते. आणि इंग्लंडातील ही हकीकत वाचून कोणी पालकांकडे यंत्राचा हट्ट धरू नये; संरक्षित स्थळी परवानगीवाचून उकरणे आपल्याकडे गुन्हा आहे. हे संपादकांच्या समाधानासाठी लिहिले. आता राहिलेले सांगतो.

शाळेच्या कचेरीतून त्या मुलाचा ठावठिकाणा मिळविला. जानेवारी २०२० मध्ये, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आम्ही त्याच्या गावी गेलो. मुलगा म्हणजे आता पन्नाशीचा गृहस्थ. द्राक्षांचा बाग, दोन कन्या नोकरीस, केस आमच्याहून पांढरे. त्याने आम्हांस वाकून नमस्कार केला, "सर, कळवलं असतं तर न्यायला आलो असतो" म्हणाला, तिळगूळ झाला, चहा झाला, बाग पाहून झाला. आम्ही विषय काढण्याची संधी शोधीत होतो आणि ती समोर आली की दवडीत होतो. अखेर ओसरीवर बसून आम्ही एका दमात सांगून टाकले. ती अक्षरेच होती. आम्ही ती पाहिली होती. ती आम्ही घासून घालविली, आणि वर तुझ्याशी खोटे बोललो.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, खरं सांगू? अक्षरांचं मला काहीच आठवत नाही. टाळ्या वाजल्या होत्या, तेवढं आठवतं. माझ्यासाठी शाळेत टाळ्या तेवढ्या एकदाच वाजल्या."

यावर काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही. नाणे अजून आहे का, असे विचारले. तो आत गेला आणि आईला घेऊन आला. म्हातारीच्या तळहातावर ते होते. कुंकवाने माखलेले, मध्यभागी अक्षत चिकटलेली. आम्ही खिशातून भिंग काढले. हत्तीही उरला नव्हता. नीट प्रकाशात धरल्यावर त्याच्या पाठीचा नुसता उंचवटा, टेकडीसारखा, जाणवत होता. दर दिवाळीला देवांबरोबर त्यालाही चिंच लागत असे, असे त्याने सांगितले. आम्ही दाखवून दिले होते त्याच रीतीने.

म्हातारीला आमचे बोलणे आतून ऐकू गेले असावे. ती म्हणाली, "त्ये नाणं कुठं राहिलं आता, मास्तर? त्याचा टाक झाला." आणि आमच्या हातून ते घेऊन, पदराने पुसून, ती देवघराकडे निघून गेली.